कपाळावर की तोंडाशी

सोमवार, २ फेब्रुवारी

सव्वीस वर्षं या संग्रहालयात मी मूर्तींच्या प्रतिकृती काढतो. तुटकी नाकं, हात, नाण्यांचे ठसे, एकदा तर अख्खा घोडा. साचा घ्यायचा, प्लॅस्टर ओतायचं, घासायचं, संपलं. आज संचालकांनी बोलावून सांगितलं, आता चित्राची प्रतिकृती करा. मी म्हटलं, चित्राची प्रतिकृती चित्रकार करतो, मी मातीतला माणूस. तर म्हणाले, आंधळ्या लोकांसाठी. म्हणजे बोटांनी चाचपून पाहायचं उठावाचं चित्र. मूळ चित्राशेजारी टेबलावर ठेवणार. अशी बारा चित्रं आहेत. पहिलं जमलं तर उरलेली अकराही माझी. नाही जमलं तर एका कंपनीचं यंत्र आहे, ते फोटोवरून दोन तासांत असला उठाव काढून देतं म्हणे. मग माझ्या ओतकामाच्या खोलीत ते यंत्र बसेल. मी कुठे बसेन हे त्यांनी सांगितलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं आहेत.

मुदत बारा मार्च. पास-नापास ठरवणार एक बाई. जन्मापासून आंधळ्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. आणखीही काही सूचना झाल्या, पण संचालक कागदांत डोकं घालून पुटपुटतात. लेखी द्या म्हटलं तर तोंड वाकडं केलं.

घरी हिला सांगितलं. "बरं झालं, काहीतरी नवीन," म्हणाली. मग स्वयंपाकघरातून आणखी काहीतरी म्हणाली, ते नळाच्या आवाजात गेलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

चित्रासमोर दोन तास उभा राहिलो. पायांचे खांब झाले.

दीडशे वर्षांपूर्वीची कुठलीशी बाग. बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत बसलेला. त्याच्या शेजारी खुर्चीत एक बाई काहीतरी शिवते आहे, तिच्या पायाशी गवतात लहान मुलगी. बाकामागे झाडाखाली दुसरी बाई उभी, पांढऱ्या पोशाखात, एक हात वर उचललेला. गृहस्थापासून फार तर दोन पावलांवर. आणि सगळीकडे पानांतून गळलेलं ऊन. लांबून पाहिलं की आत जाऊन बसावंसं वाटतं. जवळ गेलं की सगळं पसार, उरतात नुसते फटकारे. मुलीचा चेहरा म्हणजे एक गुलाबी ठिपका, त्याला ना नाक ना डोळा. तिच्या गुडघ्यापाशी एक पांढरा गोळा आहे. तो कुत्रा आहे, टोपी आहे की पडलेला रुमाल, देव जाणे.

क्युरेटरबाई म्हणाल्या, "मास्तर, हाच तर दृक्प्रत्ययवाद. त्या क्षणी डोळ्यांना जे भासलं तेवढंच." आमच्यात याला अर्धवट काम म्हणतात. ते मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार.

बाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, हुशार आहेत, पण पुढे चालता चालता बोलतात. पाठीमागच्याला काय कळणार? हल्ली कोणाला समोर उभं राहून धड बोलायला वेळच नाही.

चित्राचा आशय चार ओळींत लिहून द्या म्हणाल्या, तुम्हाला काय दिसतं ते. मी लिहिलं: 'शांतता. सगळे एकत्र आहेत आणि कोणी कोणाशी बोलत नाही. माणूस निवांत पेपर वाचतो आहे, त्याला कोणी त्रास देत नाही. उभी बाई डोळ्यांवर हात धरून लांबवर बघते आहे. सुखी कुटुंब.' मला हा बाकावरचा गृहस्थ आवडला. त्याचा हेवाच वाटला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

डोकं फिरायची वेळ आली आहे. डोळ्याला धूसर चालतं, बोटाला चालत नाही. बोटाखाली एक तर काहीतरी असतं किंवा नसतं. चित्रकाराने खांद्याची रेघ पाठीमागच्या पानांत विरघळवून टाकली आहे, आणि मला मातीत ठरवायला लागतं की खांदा इथे संपला. असे दिवसाला पन्नास निर्णय. त्याने दीडशे वर्षांपूर्वी जे टाळलं ते सगळं माझ्या गळ्यात.

पांढऱ्या गोळ्याचं विचारायला क्युरेटरबाईंकडे गेलो. म्हणाल्या, "ते संदिग्धच ठेवा." अहो, संदिग्ध कसं कोरू? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

सगळ्यांत वाईट तो उभ्या बाईचा हात. एकच फटकारा आहे, अंगठ्याएवढा. चेहऱ्यावर आडवा गेलेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठेही असू शकतो. मी कपाळावर धरला. उन्हात माणूस दुसरं काय करतो?

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज पहिलं वाचन. त्याला वाचन म्हणतात.

ऑपरेटरबाई एकट्याच आल्या, काठी टेकत. पासष्टीच्या पुढच्या, आवाज एकदम खणखणीत. बाकी सगळी माणसं आवाज घरी ठेवून येतात, या बाईंचा शब्दन् शब्द लागतो. मी 'आपल्यासारख्या व्यक्तींसाठी' असं काहीतरी सुरू केलं, तर म्हणाल्या, "आंधळी म्हणा हो, मला चालतं. फुलं वाहू नका फक्त."

हात धुतले, पुसले, आणि मातीवर ठेवले. मी काही सांगायचं नाही अशी अट. दहा मिनिटं नुसती बोटं फिरत होती. मला घाम फुटला. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, इथे कोणाचं भांडण झालंय का?"

"का?"

"जमिनीवर सगळीकडे ताटल्या फेकल्यात."

ताटल्या! ते ऊन होतं. पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे. चित्रात जे उजळ ते मातीत उंच, जे काळोखं ते खोल, असा हिशोब मी धरला होता. मूर्तीला तो बरोबर लागू पडतो. मी उन्हाच्या ताटल्या करून बागभर मांडून ठेवल्या. सव्वीस वर्षांचा कारागीर, आणि चूक पहिल्या दिवशीच्या उमेदवाराची.

पुढे ऐकून घ्या. पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवून, "हा बटाटा कसला?" आणि बाकावरच्या गृहस्थाशी आल्या तेव्हा हसायलाच लागल्या. "हा कोण एवढा कपाटासारखा? बाकीची माणसं याच्या कडेकडेने कशीबशी उभी आहेत. तुमच्या घरी तुम्ही असेच बसता का हो?"

मी म्हटलं, तो चित्राचा मध्य आहे. त्या म्हणाल्या, "चित्राचा असेल. बागेचा आहे का ते बघा."

क्युरेटरबाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मला दिसत होतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आठवड्याची माती मोडली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

घरात कटकट. दाराची घंटा बिघडली म्हणून मी महिन्यापूर्वीच नवी आणून लावली होती, तीही बिघडली. ही बाहेर वीस मिनिटं पिशव्या घेऊन उभी. मी म्हटलं, कंपन्या हल्ली काहीही विकतात. तर म्हणाली, "घंटा वाजत होती. मला बाहेर ऐकू येत होती." मग टीव्हीवरून सुरू झालं. आवाज मोठा असतो, खालचे वकील तक्रार करतात, लेकीचा फोन आला की तुम्ही दोन मिनिटांत तो माझ्याकडे देता. देतो, कारण लेक फोनवर गुळमुळीत बोलते. लग्नाआधी चांगली स्पष्ट बोलायची.

शेवटी पोटातलं ओठांवर आलं. "एकदा कान तपासून घ्या."

माझे कान! मी प्लॅस्टरवर टिचकी मारून सांगतो आत तडा आहे की नाही. खात्यात कोणालाही विचारा. हिला मी तेच सांगितलं, जरा आवाज चढवून. म्हणाली, "टिचकी मारता तेव्हा तुमचा हात त्याच्यावर असतो." बायकांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी संग्रहालयाच्या बागेत जाऊन झाडाखाली तासभर बसलो होतो, कवडसे कसे पडतात ते बघायला. एक गोष्ट लक्षात आली. बागेत हल्ली पक्षी नाहीत. पूर्वी नुसता कलकलाट असायचा. माळ्याला म्हटलं तर त्याने वर झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून गेला. विक्षिप्त माणूस आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

दुसरं वाचन. ताटल्या काढल्या. ऊन आणि सावली एकाच पातळीवर ठेवली, पण उन्हाचे तुकडे घासून काचेसारखे गुळगुळीत केले, सावलीला खरखरीत पोत दिला. ही युक्ती सुचायला सहा दिवस आणि तीन रात्री गेल्या. गृहस्थाला बारीक केला, पेपरसकट. गोळ्याची टोपी करून टाकली आणि क्युरेटरबाईंना सांगितलं की टोपीच आहे, मी ठरवलंय.

ऑपरेटरबाईंची बोटं पायवाटेवर आली, थांबली, मागे गेली, पुन्हा आली. "हं," म्हणाल्या. "झाडाखालून चालताना गालाला असंच लागतं. मधेच ऊब, मधेच नाही. हे ऊन आहे."

खोटं कशाला लिहू, पाठ वळवून भांडी धुतल्यासारखं केलं. त्या पाठीमागे काहीतरी बोलत असाव्यात, कारण वळलो तेव्हा दोघी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. "काय?" म्हटलं. क्युरेटरबाईंनी ऑपरेटरबाईंकडे पाहिलं. म्हणजे पाहून काय उपयोग, पण पाहिलं.

ऑपरेटरबाईंनी पुन्हा विचारलं, "या उभ्या बाईचा हात कपाळावर का?"

"उन्हाची तिरीप लागते म्हणून. लांबवर बघते आहे."

"कोणाकडे?"

"ते चित्रात नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं लांबवर बघते?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोय नव्हती, कारण अंगण मीच केलं होतं. मी म्हटलं, चित्र शांततेचं आहे, सगळे आपापल्यात आहेत. त्यांनी शिवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ही शिवता शिवता मान वर करून याच्याकडे बघते आहे. ही छोटीसुद्धा याच्याकडेच वळली आहे. तुम्हीच केलंय हे. आपापल्यात एकच माणूस आहे, मास्तर."

मी मूळ चित्राबरहुकूम माना वळवल्या होत्या. वळवताना लक्षात आलं नव्हतं. निकाल असा की ऊन पास, बाई नापास. दहा तारखेला शेवटचं वाचन.

रविवार, १ मार्च

घरी आठवडाभर शांतता आहे. ही फार बोलत नाही हल्ली. हवं नको ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवते. 'दूध तापवलंय.' 'लेक दोन तारखेला येणार होती, आता येत नाही.' का येत नाही ते लिहिलं नव्हतं, मी विचारलंही नाही. टीव्ही बंद, कटकट बंद. हिला माझ्या कामाचं महत्त्व पटलेलं दिसतं. एकूण बरं वाटतं.

पण सकाळी पेपर वाचताना मान वर केली तर ही दारात उभी होती, माझ्याकडे बघत. किती वेळ कोण जाणे. "काय गं?" म्हटलं. मान हलवून आत गेली. आणि मला उगीचच त्या बाकावरच्या गृहस्थाचा राग आला. त्याचं काय चुकलं होतं बिचाऱ्याचं!

बुधवार, ४ मार्च

लिहून ठेवतो, नंतर मला कोणी काही म्हणायला नको.

उभ्या बाईचं डोकं घरी आणलं होतं, मातीचं, पातळ बारीक काम आहे आणि खात्यात लोक येऊन जाऊन डोकं खातात. रजा टाकून गॅलरीत बसलो होतो. ही अकराच्या सुमाराला आंघोळीला गेली. मी कामात होतो. हात कपाळावरून उचलून पाहिला, भुवईवर ठेवून पाहिला, पुन्हा कपाळावर ठेवला. पाणी प्यायला उठलो तेव्हा मोबाइल टेबलावर उजळत होता. खालच्या वकिलांचे अकरा फोन. म्हटलं, टीव्ही तर बंद आहे, आता कसली तक्रार? दार उघडलं तर ते समोर, चेहरा लाल, मूठ वर उचललेली. मी म्हटलं, काय झालं? ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मला बाजूला सारून थेट आत, बाथरूमकडे.

ही फरशीवर होती. पाय सरकला होता. डाव्या मनगटाचा सांधा वाकडा झालेला, ओला गाऊन अंगाभोवती गुंडाळलेला, ओठ निळे. कडी लावलेली नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. वकीलसाहेब तोंड फिरवून उभे राहिले आणि मी तिला उठवलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. वकिलांना म्हणाली, "तुम्ही आलात."

चाळीस मिनिटं. वकील म्हणतात चाळीस मिनिटं त्यांना खाली ऐकू येत होतं.

दार लोटलेलं होतं. नळ चालू होता. गॅलरी रस्त्यावर आहे, रहदारी असते. मी पाठमोरा होतो. यातलं एकही खोटं नाही.

नंतर मी पावलं मोजली. गॅलरीपासून बाथरूमपर्यंत आठ.

शुक्रवार, ६ मार्च

मनगटाला प्लॅस्टर. कंपाउंडरने कोपराकडे जाड आणि अंगठ्यापाशी पातळ घातलं होतं. मी म्हटलं, असं ओतलं तर आमच्याकडे पगार कापतात, पुन्हा घाला. त्याने घातलं. तेवढा एक तिच्या उपयोगी पडलो.

टॅक्सीत ही खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, नळ चालू होता गं. काहीच बोलली नाही. बोलली असेल तर तिकडे तोंड करून.

लेक आली आहे. आईशेजारी झोपते. माझ्याशी समोर बसून सावकाश बोलते, लहान मुलाशी बोलावं तशी. सगळं कळतं, आणि चीड येते.

मंगळवार, १० मार्च

शेवटचं वाचन. जसं घडलं तसं लिहितो.

क्युरेटरबाई आणि संचालक दोघेही आले होते. उठाव आता पक्का ओतलेला होता, फक्त उभ्या बाईचं डोकं आणि हात मातीचेच, नंतर बसवायचे म्हणून. हात कपाळावर. ऑपरेटरबाई वरपासून खाली आल्या, ऊन, झाड, टोपी, सगळ्याला मान डोलावली. मग पांढऱ्या पोशाखातल्या बाईच्या पायांपासून बोट निघालं आणि जमिनीवरून पुढे पुढे बाकाच्या पाठीपर्यंत गेलं.

"हे खरखरीत लांबट काय आहे?"

"तिची सावली."

"म्हणजे सावली तिच्या पुढे पडली आहे."

"हो."

"आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ऊन पाठीवर लागलं की सावली पुढे." थांबल्या. "ऊन पाठीवर आहे, मास्तर. मग हिने डोळ्यांवर हात कशाला धरलाय?"

मी धावत दालनात गेलो. धावत म्हणजे खरंच धावत, पहारेकरी बघत राहिला. चित्रात सावली आहे. जांभळट, पातळ, तिच्या पायांपासून बाकाकडे. पाच आठवडे मी ती बघत होतो, मोजून मातीत उतरवली होती, तिला खरखरीत पोत दिला होता. ऊन तिच्या पाठीवर आहे. डोळ्यांवर हात धरायचं काही कारणच नाही.

परत आलो. क्युरेटरबाईंना सांगितलं, त्यांनीही जाऊन पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी छापलेल्या पुस्तिकेत 'उन्हाकडे बघणारी स्त्री' असंच आहे.

मी हात मातीतून सोडवला. खाली आणला. नाकाशी काही अर्थ नव्हता. आणखी खाली, ओठांच्या कडेला, तळवा अर्धा वळलेला. लगेच बसला. फटकाऱ्याच्या कोनात तंतोतंत बसला. ऑपरेटरबाईंची बोटं आली, चेहऱ्यावरून गेली, तळव्यात थांबली.

"ही हाक मारते आहे," म्हणाल्या.

"हो."

"याला. पेपरवाल्याला."

"हो."

"किती लांबून?"

"दोन पावलं."

"मग हा वळत का नाही?"

मी म्हटलं, पेपरात गुंग आहे. त्या म्हणाल्या, "दोन पावलांवर?"

संचालक काहीतरी म्हणाले, मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, त्यामुळे काय ते कळलं नाही. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि दोनदा वाचलं. बघत नव्हतो, त्यामुळे कळलं नाही.

दोघे गेल्यावर ऑपरेटरबाई काठी घेऊन उठल्या. दाराशी थांबून माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी माणसं नुसत्या आवाजावर ओळखली. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं. तुम्ही समोर बसलेले असता तेव्हाच उत्तर देता, आणि बोलता किती मोठ्याने! म्हणून तर मी तुमच्याशी असं ओरडून बोलते. घरी नाही हो अशी बोलत मी."

मला वाटत होतं बाईंचा आवाज खणखणीत आहे. मी चिडून काहीतरी बोललो, तुमचं काम चित्रापुरतं, असं. त्या गेल्या. मी बसून राहिलो.

बुधवार, ११ मार्च

डोकं आणि हात ओतून बसवले. क्युरेटरबाईंनी पुस्तिकेत चिकटवायला दुरुस्तीची पट्टी छापायला दिली. माझा चार ओळींचा आशयही परत मागून घेतला मी. 'शांतता' वर काट मारली. तिथे काय लिहायचं ते सुचेना, तर मी लिहिलं: 'एक बाई हाक मारते आहे. बाकी सगळ्यांना ऐकू आलं आहे.' क्युरेटरबाई म्हणाल्या, हे फार छान आहे. मला छान वगैरे वाटलं नाही.

गुरुवार, १२ मार्च

उठाव टेबलावर बसला. ऑपरेटरबाईंनी सही केली, अंगठ्याने नाही, झोकात नाव लिहून. यंत्र येत नाही, उरलेली अकरा चित्रं माझी. संचालकांनी हात मिळवला. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून ऐकलं. ते पुटपुटत नाहीत. बरे बोलतात.

संध्याकाळी लेक गेली. आम्ही दोघंच. मी हिला म्हटलं, एक काम कर. मी इथे गॅलरीत पाठ करून बसतो. तू बाथरूमच्या दाराशी उभी राहा आणि मला हाक मार. त्या दिवशी मारलीस तशी. ऐकू आली की मी हात वर करतो. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग उठून गेली.

मी बसलो. रस्त्यावर रहदारी होती, तिची घरघर येत होती. डोळे मिटले. ही अजून पोचली नसेल, प्लॅस्टरचा हात सांभाळत चालते. मग वाटलं, पोचली असेल, पण आता रागाने हाक मारत नसेल. मारावी कशाला? बराच वेळ गेला. शेवटी मीच म्हटलं, "कर ना सुरुवात," आणि वळलो.

ही बाथरूमच्या दाराशी नव्हती. माझ्यामागे दोन पावलांवर उभी होती. उजवा हात तोंडाशी, तळवा अर्धा वळलेला. गाल भिजलेले.

"किती वेळा मारलीस?"

तिने तोंडाशी धरलेलाच हात पुढे करून बोटं दाखवली. पाच. परत पाच. परत दोन.

मी खाली बघायला लागलो, तर तिने माझी हनुवटी धरून वर केली, तिचे ओठ मला दिसावेत म्हणून. सावकाश म्हणाली, "त्या दिवशी आधी 'अहो' म्हणत होते. खूप वेळ. मग भीती वाटायला लागली तेव्हा तुम्हाला नावाने हाक मारली. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदासुद्धा मारली नव्हती. वकील म्हणाले, तुमचं नाव ऐकू आलं म्हणून वर आलो."

तीस वर्षं मी गमतीत म्हणायचो, एकदा तरी नावाने हाक मार की गं. लाजायची, पदराआड हसायची.

"आता मार," मी म्हटलं. "आता मी बघतोय तुझ्याकडे."

तिने डोळे पुसले.

"आता बघताय ना," म्हणाली. "मग 'अहो' पुरे."